प्राचीन जगातल्या लिंगवैविध्यावर लिहिताय? या चुका टाळा

प्राइड महिना आला, महाविद्यालयाचं भित्तिपत्रक निघालं किंवा दिवाळी अंकाने विषय दिला, की एका ओळीत चार चित्रं लागतात: शिखंडी, अर्धनारीश्वर, इजिप्तची हातशेप्सुत आणि रोमचा एलागाबालुस. खाली मजकूर येतो, 'प्राचीन काळी तृतीयपंथीयांना समाजात मान होता.' चित्रं चारही अस्सल असतात, पण ती ओळ चारांपैकी एकालाही लागू पडत नाही. शिखंडीची कथा वराची आणि देहाच्या अदलाबदलीची. अर्धनारीश्वर हे दैवत. हातशेप्सुतची दाढी हे राजपदाचं चिन्ह. आणि एलागाबालुसबद्दल जे हाती आहे त्यातलं बरंचसं त्याच्या निंदकांनी लिहिलेलं.

पुरावा कमी आहे असा याचा अर्थ नाही. स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्या माणसांची नोंद सुमेरपासून (आजचा दक्षिण इराक) रोमपर्यंत आणि पाणिनीच्या व्याकरणपरंपरेपासून विनयपिटकापर्यंत, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमग्रंथापर्यंत, जागोजागी आहे. नेमकं म्हणूनच ढिसाळ लिहिणं महागात पडतं. सभेत कुणीतरी उठून 'शिखंडी तर शेवटी पुरुष झाला ना?' एवढंच विचारतो आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पुराव्याचा प्रकार न ओळखता लिहायला बसणं

ही मूळ चूक. पुढच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. टिपणं काढताना प्रत्येक नोंदीपुढे पाचांपैकी एक शब्द लिहा: शरीर, वेष, पद, कायदा, कथा.

'शरीर' म्हणजे सांगाडा, वैद्यकग्रंथातलं वर्णन, जन्मतः वेगळ्या जननेंद्रियांची नोंद. 'वेष' म्हणजे कपडे, दागिने, केस, वागणं. 'पद' म्हणजे पुजारी, अंतःपुराचा रक्षक, राजा. 'कायदा' म्हणजे वारसा, लग्न, संघप्रवेश यांचे नियम. 'कथा'मध्ये देव, शाप आणि वर. एका नोंदीला दोन शब्द लागू पडू शकतात. पण एका खणातल्या पुराव्यावरून दुसऱ्या खणाबद्दल विधान करायचं नाही. कौटिल्य सांगतो की राजा झोपेतून उठला की त्याच्याभोवती धनुर्धारी स्त्रियांचं कडं असावं. ही नोंद 'पद' या खणातली. त्या स्त्रिया स्वतःला काय समजत होत्या हे त्यातून कळत नाही. त्याच प्रकरणात पुढे येणारे वर्षवर, म्हणजे अंतःपुरातले खोजे, हेही आधी एक पद आहे.

आपल्याला ज्याची सगळ्यात जास्त उत्सुकता असते तो सहावा खण, म्हणजे माणसाची स्वतःची ओळख, प्राचीन साधनांत जवळजवळ रिकामा आहे. तो आपल्या मनाने भरू नका.

क्लीब, षंढ, पंडक, नपुंसक: सगळ्यांना 'तृतीयपंथी' करणं

मराठी अनुवादात हे सर्रास होतं, उलट दिशेनेही होतं. जुन्या भाषांतरकारांनी सगळ्यांना 'नपुंसक' केलं, नव्यांनी सगळ्यांना 'तृतीयपंथी'. दोन्हीत मूळ संदर्भ हरवतो.

नारदस्मृतीत षंढांचे चौदा प्रकार दिले आहेत. हा आकडा 'प्राचीन भारताने चौदा लिंगं मानली' अशा मथळ्याखाली फिरतो. प्रकरण उघडून पाहिलं तर विषय आहे लग्नाचा: वर मूल जन्माला घालू शकतो का, नसेल तर बायकोने किती थांबायचं. पंधरवड्याच्या पाळीने असमर्थ होणाऱ्या पक्षषंढासाठी महिनाभर वाट पाहायची; गुरूचा शाप, रोग किंवा देवतेचा कोप हे कारण असेल तर वर्षभर. म्हणजे यादीतले बरेचसे पुरुष आजच्या भाषेत लैंगिक दुर्बलतेचे रुग्ण आहेत. चरकाच्या शारीरस्थानात आठ प्रकार येतात, सुश्रुताच्या शारीरस्थानात पाच. तिथला प्रश्न गर्भ कसा घडतो हा आहे. पाली अट्ठकथेत, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या टीकेत, बुद्धघोष पंडकाचे पाच प्रकार सांगतो. त्यात एक जन्मजात, एक खच्ची केलेला आणि एक फक्त अंधाऱ्या पंधरवड्यात पंडक होणारा. या याद्यांची बेरीज करून 'एकूण इतके प्रकार' असं लिहिण्यात काहीच अर्थ नाही.

कामसूत्राचं तसं नाही. दुसऱ्या अधिकरणाचा नववा अध्याय सुरू होतो तोच 'द्विविधा तृतीया प्रकृतिः स्त्रीरूपिणी पुरुषरूपिणी च' या सूत्राने. पहिली स्त्रीचा वेष, बोलणं, लाजणं घेऊन गणिकेसारखा व्यवसाय करते. दुसरी पुरुषाच्या वेषात, इच्छा लपवून, अंग चेपण्याच्या कामावर जगते. वेष, वागणं आणि पोटापाण्याचा धंदा तिन्ही एकत्र सांगणारा हा दुर्मिळ उतारा आहे, तेव्हा 'तृतीया प्रकृती' हा शब्द इथून घ्या आणि इथेच वापरा. मनुस्मृतीतल्या क्लीबावर तो चिकटवू नका. आणि कामसूत्राने यांचा 'गौरव' केला असंही लिहू नका. हे कृत्य शास्त्राविरुद्ध आणि असभ्य असल्याचं आचार्यांचं मतही वात्स्यायन त्याच अध्यायात देतो.

दुरुस्ती सोपी आहे. मूळ शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात संदर्भ द्या: 'क्लीब, म्हणजे इथे वारसा हक्कातून वगळलेला संततिहीन पुरुष.' पुढे तोच मूळ शब्द चालवा. 'उभयलिंगी' मात्र जपून. काही वाचक तो शरीराबद्दल घेतात, काही आकर्षणाबद्दल. शरीराविषयी बोलत असाल तर 'दोन्ही लिंगांची चिन्हं असलेलं' असं सरळ लिहा.

व्याकरणातलं लिंग शरीराला लावणं

'संस्कृतमध्ये तीन लिंगं आहेत, म्हणजे समाजाने तिसरं लिंग मान्य केलं होतं.' हा युक्तिवाद भाषणात टाळ्या घेतो, पण व्याकरणकार पतंजलीने तो सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीच तपासून ठेवला आहे. 'स्त्रियाम्' या पाणिनिसूत्रावरच्या महाभाष्यात एक श्लोक येतो: स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष, दोन्हींच्या अभावी नपुंसक. पतंजली लगेच अडचण दाखवतो: असं असेल तर खाटेसाठीचा 'खट्वा' हा शब्द स्त्रीलिंगी आणि 'वृक्ष' पुल्लिंगी का? बायकोसाठी संस्कृतमध्ये 'दार' पुल्लिंगी आहे, तोही अनेकवचनी, आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी. तेव्हा हा युक्तिवाद सोडा आणि तो श्लोक वापरा. लोकव्यवहारात शरीरावरून तीन गट ओळखले जात होते याची साक्ष तो देतो, आणि तीही इ.स.पू. दुसऱ्या शतकातली.

याहून बारीक विचार जैन ग्रंथांत आहे, आणि मराठी लेखांत तो क्वचितच दिसतो. कर्मसिद्धांतात स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे तीन 'वेद' मानले आहेत. इथे वेद म्हणजे कामभाव. शरीराचं द्रव्यलिंग वेगळं, मनातला भाववेद वेगळा, आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. तिघांच्या तीव्रतेला उपमाही दिल्या आहेत: पुरुषवेद गवताच्या आगीसारखा, स्त्रीवेद शेणीच्या धगीसारखा, नपुंसकवेद विटांच्या भट्टीसारखा. हा भेद कशासाठी केला हे मात्र सांगायला विसरू नका. वाद मोक्षाचा होता. दिगंबरांच्या मते स्त्रीदेहातून मोक्ष नाही, श्वेतांबर आणि यापनीय या तिसऱ्या जैन पंथाच्या मते आहे. नवव्या शतकातल्या यापनीय शाकटायनाने स्त्रीच्या बाजूने स्वतंत्र प्रकरण लिहिलं. शरीर आणि भाव वेगळे काढणारी ही मांडणी आजच्या चर्चेला फार जवळची वाटते, पण ती उभी राहिली ती संन्यासाच्या प्रश्नावर.

'महाभारतात असं आहे' म्हणताना कुठलं महाभारत, हे न सांगणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९३३ ते १९६६ या काळात छापली. कुठला श्लोक सर्वत्र सापडतो, कुठला मागाहून शिरला, हे तिच्या तळटीपांत आणि परिशिष्टांत दिसतं. शिवाय आपल्याकडे नीलकंठाची टीका असलेली प्रचलित प्रत, प्रादेशिक महाभारतं, नाटकं, मालिका आणि लोककथा आहेतच. यांतलं काहीही खोटं नाही. फक्त कालखंड वेगळे आहेत.

शिखंडी घ्या. उद्योगपर्वाच्या शेवटी अंबोपाख्यानात तो द्रुपदाची मुलगी म्हणून जन्मतो, मुलगा म्हणून वाढवला जातो, आणि त्याचं लग्न दशार्णराज हिरण्यवर्म्याच्या मुलीशी लागतं. बोभाटा झाल्यावर तो वनात जातो आणि स्थूण नावाचा यक्ष आपलं पुरुषत्व त्याला देऊन त्याचं स्त्रीत्व स्वतः घेतो. कुबेराच्या शापामुळे ही उसनवारी शिखंडीच्या मरणापर्यंत कायम राहते. पुढे तो महारथी म्हणून लढतो. म्हणजे ग्रंथात तो 'ना स्त्री ना पुरुष' नाही. युद्धाच्या वेळी तो पुरुष आहे, आणि भीष्माची हरकत तो आधी स्त्री होता यावर आहे. शिखंडी म्हणजे षंढ हे समीकरण मागाहूनचं, आणि आज शिवीसारखं वापरलं जातं ते यातूनच. कथेतला जास्त रोचक भाग, म्हणजे स्त्रीदेह पत्करून बसलेला तो यक्ष, बहुतेक लेखांत येतच नाही.

बृहन्नडेचं उदाहरण याहून अवघड. ऊर्वशीच्या शापामुळे अर्जुन वर्षभर क्लीब झाला, ही सर्वांना माहीत असलेली कथा चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. ती परिशिष्टात गेली आहे. विराटपर्वाच्या सुरुवातीला अर्जुन फक्त एवढंच म्हणतो की 'मी षण्ढक आहे' असं मी सांगेन, आणि प्रत्यंचेचे घट्टे झाकायला बांगड्या घालेन. पुढे विराट राजा त्याच्या अपुंस्त्वाची खात्री करून घेतो आणि मगच त्याला मुलींच्या महालात पाठवतो. नंतर उत्तरासमोर अर्जुन सांगतो, 'नास्मि क्लीबो महाबाहो', हे वर्षभराचं व्रत होतं. सोंग, व्रत, की देहातला बदल? ग्रंथ तिन्हींना थोडी थोडी जागा ठेवतो. लेखात तिन्ही शक्यता मांडा. एक निवडून बाकीच्या गाळल्या की कुणीतरी दुसरा श्लोक काढून दाखवणारच.

अरावानाचं (संस्कृतातला इरावान, अर्जुनाचा मुलगा) बलिदान आणि मोहिनीरूपातल्या कृष्णाशी त्याचं एका रात्रीचं लग्न ही तमिळ परंपरा आहे. तमिळनाडूतली तृतीयपंथीयांची कूवागमची यात्रा तिच्यावर उभी आहे. संस्कृत भीष्मपर्वात इरावान युद्धाच्या आठव्या दिवशी अलंबुष राक्षसाच्या हातून मरतो. लग्नाचा उल्लेख नाही. तसंच वनवासाला निघताना रामाने 'स्त्री-पुरुषांनो परत फिरा' म्हटलं आणि दोन्हींत न मोडणारे चौदा वर्षं तिथेच थांबले, ही कथा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती हिजडा समाजाने जपलेली मौखिक परंपरा आहे, आणि तसं लिहिल्याने तिचं मोल कमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या नालसा निकालात या दोन्ही कथा ऐतिहासिक पार्श्वभूमी म्हणून आल्या आहेत, त्यामुळे अनेकजण निकालाचाच दाखला ग्रंथाचा पुरावा म्हणून देतात. निकाल हक्कांसाठी दाखवा, श्लोकासाठी ग्रंथ उघडा.

वाल्मीकींकडे खरंच जे आहे ते मात्र राहून जातं. उत्तरकांडातला इल राजा शंकराच्या वनात शिरल्यामुळे स्त्री होतो. मग एक महिना स्त्री, एक महिना पुरुष अशी पाळी ठरते, आणि एका अवस्थेतलं दुसऱ्या अवस्थेत आठवत नाही. स्त्री असताना त्याला बुधापासून पुरूरवा होतो, म्हणजे सगळा चंद्रवंशच या पोटचा. पुराणांत हाच प्रसंग उलट सुरू होतो: आधी इला ही मुलगी, मग सुद्युम्न हा मुलगा, मग पुन्हा स्त्री. दोन्ही एकत्र कालवू नका.

तपासणीचा क्रम असा ठेवा. प्रसंग कुठल्या पर्वात किंवा कांडात आहे ते आधी शोधा. चिकित्सित पाठाची ई-प्रत नेटवर मिळते. त्यात नाव शोधा. नाही सापडलं तर छापील खंडाची परिशिष्टं बघा. तिथेही नसेल तर प्रादेशिक परंपरा कोणती ते नावानिशी सांगा. रामायणासाठी हेच काम बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची आवृत्ती करते.

देवाची मूर्ती दाखवून समाजाबद्दल बोलणं

अर्धनारीश्वर मथुरेच्या कुषाणकालीन शिल्पांत आहे, बदामीला आहे, आणि घारापुरीच्या लेण्यात सहाव्या शतकातला भव्य अर्धनारी आहे: उजवं अंग शिवाचं, नंदीवर रेललेलं, डावं पार्वतीचं. शिल्प शिव-शक्तीच्या एकत्वाबद्दल बोलतं. त्या काळी घारापुरीच्या धक्क्यावर उतरणाऱ्या एखाद्या स्त्रीवेषधारी पुरुषाला कसं वागवलं जात असेल, हे त्यावरून कळत नाही. देवीची पूजा जोरात आणि विधवेचे हाल, हे चित्र आपल्याकडे एकाच काळात दिसलेलं आहे.

'तेव्हा मान होता' आणि 'तेव्हा छळ होता'

दोन्ही वाक्यं आळशी आहेत. एकाच ग्रंथात दोन्हींना आधार मिळतो, म्हणून नियम नेमका सांगा.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्लीबाला वारसा नाही (श्लोक २०१), पण त्याला पोसणं वारसांवर बंधनकारक आहे (२०२), आणि त्याने लग्न केलंच तर होणाऱ्या अपत्याला हिस्सा मिळतो (२०३). तीन ओळींतली पहिलीच उचलली तर छळ दिसतो, दुसरीच उचलली तर करुणा.

विनयपिटकाचं उदाहरण तर हातचं सोडू नये असं. महावग्गात पंडकाला आणि दोन्ही लिंगांची चिन्हं असलेल्याला उपसंपदा, म्हणजे संघात पूर्ण प्रवेश, नाकारली आहे. पण त्याच विनयात, पाराजिकाच्या म्हणजे सर्वांत गंभीर दोषांच्या भागात, एका भिक्खूच्या शरीरावर स्त्रीची चिन्हं प्रकटल्याचा प्रसंग येतो. बुद्ध त्याला संघाबाहेर काढत नाहीत. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेच वर्षावास (ज्येष्ठता मोजण्याची वर्षं) धरून त्याने भिक्खुणींत जावं, असा निर्णय होतो. दोन्ही संघांना सामायिक असलेले दोष तिथे निस्तरायचे. जे भिक्खूंपुरतेच आहेत ते गळून पडतात. उलट दिशेने, भिक्खुणीच्या बाबतीतही हाच नियम. म्हणजे आत आलेल्याचा देह बदलला तर ज्येष्ठताही शाबूत, पण दाराशीच वेगळा दिसला तर प्रवेश नाही. दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवा, वाचकाला विचार करू द्या.

रोममध्ये काळाप्रमाणे फरक पडतो. इ.स.पू. २०७ साली फ्रुसिनो गावी लिंग न ठरवता येणारं मूल जन्मलं तेव्हा ते अपशकुन मानून पेटीत घालून समुद्रात सोडण्यात आलं आणि सत्तावीस कुमारिकांनी शांतीचं स्तोत्र म्हटलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की ज्यांना पूर्वी अपशकुन समजत ते आता करमणुकीचे मानले जातात. तिसऱ्या शतकात कायदेपंडित उल्पियन एवढंच सांगतो: जे लिंग जास्त ठळक ते धरावं. 'रोमन लोक असे होते' या वाक्याला म्हणूनच शतक जोडल्याशिवाय किंमत नाही. आणि या प्रकाराला अपशकुन मानणं हा अडाणीपणा आहे, असं म्हणणारा ग्रीक इतिहासकार दिओदोरस इ.स.पू. पहिल्या शतकातच होता.

शत्रूची साक्ष आत्मचरित्रासारखी वाचणं

एलागाबालुस इ.स. २१८ मध्ये, चौदाव्या वर्षी सम्राट झाला आणि २२२ मध्ये मारला गेला. 'मला स्वामी म्हणू नका, मी स्त्री आहे' हे उद्गार आणि शस्त्रक्रियेसाठी वैद्यांना देऊ केलेली मोठी रक्कम, हे दोन्ही रोमन इतिहासकार कासियस दिओकडून येतं. दिओ त्यातला बराच काळ रोमबाहेर नेमणुकीवर होता. त्याने हे लिहिलं पुढच्या सम्राटाच्या कारकिर्दीत, आणि त्या पुढच्या सम्राटाला आधीच्याची बदनामी सोयीचीच होती. शिवाय दिओच्या या भागाचा काही मजकूर आपल्याला अकराव्या शतकातल्या सारांशातूनच मिळतो. 'हिस्टोरिया ऑगस्टा' ही सम्राटचरित्रं तर चौथ्या शतकाच्या अखेरीची आणि भरवशाच्या बाबतीत कुप्रसिद्ध. विरोधकाला बायकी ठरवणं ही रोमन राजकारणातली नेहमीची शिवी होती. ज्युलियस सीझरलाही बिथिनियाच्या राजावरून टोमणे खावे लागले.

मग काय, सगळं खोटं? तसंही ठरवता येत नाही. २०२३ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ हर्टफर्डशायर संग्रहालयाने एलागाबालुससाठी स्त्रीवाचक सर्वनाम वापरायचं ठरवलं, त्यावर दोन्ही बाजूंनी गदारोळ झाला. आपल्या लेखात 'दिओ सांगतो की' हे तीन शब्द प्रत्येक दाव्याआधी असले की बरंचसं काम भागतं.

सिबेली देवीच्या 'गल्ली' नावाच्या पुजाऱ्यांचंही तेच. देवीची शिळा इ.स.पू. २०४ मध्ये रोममध्ये आली, पण स्वतःला खच्ची करून, लांब केस आणि रंगीत वस्त्रं घालून फिरणारे हे पुजारी बाहेरचेच राहिले. रोमन नागरिकाला त्यांच्यात जायला बंदी होती. त्यांचं वर्णन करणारे जवळजवळ सगळे त्यांना हसणारे आहेत.

दोन साक्षीदार मिळाले तर ताडून बघा. शक लोकांमधल्या एनारींना हेरोडोटस देवीने शापलेले आणि लिंडनच्या सालीवर भविष्य सांगणारे म्हणतो. हिप्पोक्रेटिसच्या नावावरचा वैद्यकग्रंथ म्हणतो की हा सततच्या घोडदौडीने झालेला आजार आहे, श्रीमंतांना जास्त होतो, आणि इतर कुठल्याही आजाराइतकाच दैवी आहे. दोघांनी स्पष्टीकरणं वेगळी दिली, पण ही माणसं बायकांसारखी वागत-बोलत आणि समाजात त्यांचं वेगळं स्थान होतं यावर दोघांचं एकमत आहे. जिथे एकमत आहे तेवढं घट्ट धरा.

पद आणि माणूस यांची गल्लत

हातशेप्सुतने इ.स.पू. पंधराव्या शतकात सुमारे वीस वर्षं राज्य केलं. सुरुवातीच्या मूर्तींत ती स्त्रीवेषात आहे, नंतर राजाचा आखूड घागरा आणि खोटी दाढी येते. ती दाढी प्रत्येक फराओची असते. कोरीव लेखांत तिच्यासाठी स्त्रीलिंगी प्रत्यय वारंवार येतातच. आणि तिची नावं पुसली गेली ती तिच्यानंतरच्या तिसऱ्या थुतमोस राजाच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, तेव्हा 'पुरुषवेष घेतला म्हणून सूड' हे गणित जुळत नाही.

मेसोपोटेमियातले गाला हे शोकगीतं गाणारे पुजारी. ते एमेसाल ही बोली वापरत. सुमेरी साहित्यात देवीच्या तोंडी तीच येते. एवढ्यावरून त्यांना सरसकट हिजडे ठरवलं जातं, पण कागदपत्रांत बायका-मुलं असलेले गाला भेटतात. इश्तर देवीच्या सेवेतले अस्सिन्नू आणि कुर्गर्रू यांच्याबाबत लिंगभावाचा प्रश्न खरोखर थेट येतो. पुरुषाला स्त्री आणि स्त्रीला पुरुष करण्याची ताकद या देवीची, असं सुमेरी स्तोत्रच सांगतं. इश्तरच्या पाताळवारीत तिला सोडवायला ईआ हा देव अस्सिन्नूच घडवतो, आणि त्याच्या वाट्याला गटारातलं अन्न खाण्याचा शाप येतो. या मंडळींना आपल्याकडच्या यल्लमाच्या जोगत्या-जोगप्पांचे पूर्वज ठरवण्याचा मोह होतो. साम्य लिहा, वंशावळ लिहायला मधल्या दोन हजार वर्षांचा दुवा लागतो, तो नाही.

सांगाडा आणि दागिने यांच्यावर उडी मारणं

बातमी येते: 'स्त्रीच्या दागिन्यांसह पुरुषाचा सांगाडा'. शेअर करण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, लिंग कशावरून ठरवलं? प्रौढाचं अखंड कटिबंध असेल तर अंदाज नव्वद टक्क्यांवर बरोबर येतो, नुसत्या कवटीवरून खूप कमी. लहान मुलांचं हाडांवरून विश्वासार्हपणे सांगता येत नाही. दातांच्या एनॅमलमधल्या प्रथिनांची चाचणी अलीकडे सर्रास होते, पण तिच्यात वाय गुणसूत्राचं प्रथिन क्षीण असेल तर पुरुष चुकून स्त्री ठरू शकतो, आणि एक्सएक्सवाय गुणसूत्रं ती ओळखतच नाही. त्यासाठी डीएनए लागतो. स्पेनमधल्या वालेन्सिना इथल्या हस्तिदंतांनी मढलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या व्यक्तीला आधी 'पुरुष' ठरवलं होतं. २०२३ मध्ये एनॅमलने ती स्त्री निघाली.

दुसरी, वस्तूंवरून लिंग ठरवून मग त्या वस्तूच आश्चर्यकारक ठरवल्या आहेत का? फ्रान्समधल्या व्हिक्सच्या थडग्यात १९५३ मध्ये १.६४ मीटर उंचीचं कांस्याचं पात्र आणि सोन्याचा कंठा निघाला. एवढा मान स्त्रीला कसा, म्हणून हा स्त्रीवेषातला पुरुष पुजारी असावा असंही सुचवलं गेलं. ती स्त्रीच होती. म्हणजे लिंगवैविध्याचा दावाही कधी कधी स्त्रीची सत्ता नाकारायला वापरला जातो.

तिसरी, तुलनेला किती थडगी आहेत? प्रागमध्ये २०११ साली कॉर्डेड वेअर या प्रागैतिहासिक संस्कृतीच्या काळातला एक पुरुष-सांगाडा डाव्या कुशीवर, पूर्वेला डोकं करून, म्हणजे तिथल्या स्त्रियांच्या रीतीने पुरलेला सापडला. वृत्तपत्रांनी त्याला 'समलिंगी गुहामानव' केलं. तो गुहेत राहणारा नव्हता, कुणावर प्रेम करत होता ते माहीत नाही, आणि उदाहरण एकच होतं.

चौथी, काळ. स्वीडनमधल्या बिर्काची योद्धा स्त्री दहाव्या शतकातली आणि फिनलंडच्या सुओन्ताकाचं थडगं अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचं. दोन्ही 'प्राचीन' यादीत घुसवू नका.

मराठी वाक्य लिंग उघड करतं, तेव्हा

ही अडचण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना एवढी येत नाही. इंग्रजी मजकूर एका सर्वनामावर निभावतो, आपल्याकडे 'आला', 'आली', 'आलं' यांपैकी काहीतरी निवडावंच लागतं.

जिथे ग्रंथात बदल घडतो तिथे क्रियापदही बदलू द्या: शिखंडी जन्मली, वनात गेली, परत आला. वाचक अडखळला तर अडखळू द्या, कथा तीच आहे. जिथे लिंग अनिश्चित आहे तिथे कर्मणी किंवा भावे प्रयोग कामाला येतो. 'एलागाबालुसने आपल्या देवाची शिळा रोमला आणली' यात क्रियापद शिळेकडे बघतं, कर्त्याकडे नाही. भविष्यकाळाचंही तसंच. सांगाड्यासाठी 'व्यक्ती' हा शब्द घेतला की वाक्य स्त्रीलिंगी होतं, 'मनुष्य' घेतला की पुल्लिंगी. त्यातल्या त्यात 'सांगाडा', 'दफन' यांनाच कर्ता करा. आदरार्थी 'ते' जपून: ते तटस्थ वाटतं, पण 'ते म्हणाले' मराठी कानाला पुरुषच ऐकू येतं.

चित्राखालची ओळ लिहिताना स्थळ, काळ, शरीराबद्दल काय ठरलं, वस्तू काय सापडल्या आणि अंदाज कुणाचा, या क्रमाने जा. उदाहरणार्थ: 'कॅटरिक, उत्तर इंग्लंड. इ.स. चौथं शतक. हाडांवरून तरुण पुरुष. अंगावर काळ्या जेट दगडाचा हार, कंकण आणि पायात वाळा. तिथे हे दागिने एरवी स्त्रियांच्या थडग्यांत मिळतात. तोंडात दोन खडे. सिबेलीचा गल्ली पुजारी असावा हा अभ्यासकांचा अंदाज. थडग्यात तसा लेख नाही.'